तिहामेरचा अर्धा सूर

रिगो तिहामेर हा बुडापेस्टचा नावाजलेला जॅझ गिटारिस्ट एका चुकीवर उभा आहे, हे मी छातीठोक सांगतो. मी त्याचा ड्रमवाला. चूक झाली तेव्हा मागेच बसलो होतो.

त्याचे वडील, थोरले रिगो, हॉटेलात व्हायोलिन वाजवायचे. त्यांचा बाप, आजा, पणजा, सगळे व्हायोलिनवालेच. पोरानं गिटार उचलली तेव्हा थोरले म्हणाले, "ज्याला गज धरता येत नाही, तो तारा खाजवत बसतो." त्यानंतर ते त्याच्या एकाही कार्यक्रमाला फिरकले नाहीत. लोक कितीही टाळ्या वाजवोत, तिहामेर आपला दाराकडे बघत राही. मला त्याचा राग यायचा, आणि कीवही.

मग लेस्टर पिम नावाचा इंग्रज ट्रम्पेटवाला आपला वाद्यमेळ घेऊन आला. त्याला इथला एक गिटारवाला आणि एक ड्रमवाला हवा होता; त्यानं आम्हा दोघांना घेतलं. तिहामेरच्या आईनं नवऱ्याला बजावलं, "आज गेला नाहीत, तर या घरात माशाचं कालवण शिजणार नाही!" थोरले आले. पहिल्याच रांगेत, हाताची घडी घालून बसले.

पिमनं ओरडून पट्टी सांगितली, "बी!"

इथंच घोळ झाला. इंग्रज ज्या सुराला 'बी' म्हणतात, त्याचं आमच्याकडे नाव 'हा'. आमचा 'बे' त्याहून अर्धा सूर खाली. बापाला बघून गांगरलेल्या तिहामेरनं 'बी' ऐकलं आणि 'बे' धरला. सगळे एका पट्टीत, आमचे साहेब दुसऱ्याच! पिमचे डोळे बटाट्याएवढे झाले. ड्रमला पट्टी नसते म्हणून मी तेवढा वाचलो.

"वर ये, गाढवा!" मी मागून कुजबुजलो.

"तेच चढलेत! मी का हलू? बाबा बघताहेत."

पठ्ठ्या शेवटपर्यंत तसाच वाजवत राहिला. संपलं एकदाचं. मग एक समीक्षक "केवढं हे धाडस!" म्हणून उठला, आणि त्याच्या मागोमाग सगळं सभागृह. तेव्हापासून तिहामेरला देशोदेशीची आमंत्रणं येतात, आणि बिचाऱ्याला प्रत्येक ठिकाणी मेहनत करून चुकावं लागतं.

त्या दिवशी थोरले मात्र बसूनच होते. तिहामेर मान खाली घालून त्यांच्यापुढे उभा राहिला.

"अर्धा सूर खाली होतास."

"हो, बाबा."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"आणि एकदाही डगमगला नाहीस. मला नसतं जमलं, पोरा!" थोरल्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "पुढचा कार्यक्रम कधी आहे?"