सिलतराच्या धुळीनं म्हणे काहीच होत नाही

मंडळी, आज नव्या रायपुरात ऑफिसच्या मीटिंगमध्ये मले किळस आली.

मोठ्या आरोग्य सर्वेचा निष्कर्ष पडद्यावर होता: सिलतराच्या लोखंड कारखान्यातल्या कामगारांची फुफ्फुसं आमच्या बाबू लोकांपेक्षा मजबूत! सगळे टाळ्या वाजवून राहिले होते.

मी सर्वेवाल्या साहेबाले विचारलं, "तपासलं कोणाले?"

"जो ड्यूटी पर थे, उनको. गेट पे ही."

"अन् दम लागते म्हणून कामावरून काढलेल्या लोकायचं काय?"

"मॅडम, वो तो अब वर्कर ही नहीं हैं."

माझे बाबा तिथंच भट्टीवर होते. आता भनपुरीच्या घरी उशीले टेकून बसल्या बसल्या झोपतात, आडवं झालं की श्वास अडकते.

म्हणजे बाबाले घरी बसवलं, अन् कारखान्याची तब्येत सुधारली! सांगा, टाळ्या कशाच्या होत्या?