टायर चढल्याशिवाय

आमच्या वाडीत माझ्या बायकोइतकं हट्टी माणूस झालं नाही, आणि हट्टात तिला कोण पुरून उरला असेल तर तो आमच्या मोटारसायकलचा मागचा टायर. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते तोच टायर रिंगेवर चढवण्याचं. मालवणात पंक्चरवाले कमी नाहीत. पण तिच्या बापाचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे परक्या हाताने चढवलेल्या टायरवर ती बसायचीच नाही. टायर आधी खळ्यात उन्हाला टाकायचा, मऊ होईपर्यंत. मग साबणाचं पाणी. मग गाऱ्हाणं. देवाला गाऱ्हाणं घालणं हे आमच्याकडे पुरुषांचं काम. ते ती स्वतः घालायची, तेही टायरासाठी, आणि मला समोर हात जोडून उभं करायची. "बा देवा म्हाराजा, ह्या टायराचा नि रिंगेचा काय वाकडा-तिकडा आसात, ता दूर कर रे म्हाराजा, नि माज्या घोवाक वायच अक्कल दी रे म्हाराजा!" मी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." नाही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा तारकर्लीला निघालेले पर्यटक कसली तरी पूजा समजून पाया पडून गेले.

मग मी लोखंडी पट्टी घालून जोर करायचो आणि ती ओरडायची, "ओ, जोर कित्याक करतास? समोरची कड रिंगेच्या खड्ड्यात दाबा, मगे हय सुटात!" आणि माझा खांदा धरून स्वतःच त्या कडेवर दोन्ही पायांनी उभी राहायची. एकदा मी ऐकलं नाही आणि ट्यूब चिमटली. ते तिने बारशाला सांगितलं, बाराव्याला सांगितलं, जिथे गेली तिथे सांगितलं.

त्या दिवशी तिच्या छातीत सकाळपासून कळ येत होती. म्हटलं, रिक्षा बोलावतो. "टायर चडल्याशिवाय मी डागदराकडे येवचंय नाय. तुमच्या मागे बसान येतलंय." मी मूर्ख, मला ते आवडलं. दुपारभर झटलो. कडेवर उभी राहिली तेव्हा तिचा हात खांद्यावर फार जड लागला. मला कळलं, तरी मी पट्टी रेटत राहिलो. टायर बसला तोवर डॉक्टर घरी गेले होते. "उद्या सकाळी जावया," म्हणाली, आणि टायरावर थाप मारून हसली.

सकाळी ती उठली नाही.

तिच्या धाकट्या भावाला कळवायचं होतं. फोन करता आला असता, पण ते शब्द मला फोनवर जमले नसते. शेजारणींना तिच्याजवळ बसवलं आणि गाडी काढली. त्याच्या दारात थांबलो, पण उतरता येईना. तो हातात कपबशी घेऊन बाहेर आला आणि माझ्या मागे बघायला लागला. मोठ्या बहिणीला तो बाय म्हणतो.

"भावोजी, बाय खंय?"

मीही मान वळवून मागच्या सीटकडे बघितलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "टायर बरो बसलो रे."

मग त्यानेच कपबशी पायरीवर ठेवली आणि हाताला धरून मला खाली उतरवलं.