परातभर पालक

डॉक्टरांनी माझे रक्ताचे रिपोर्ट वाचून बाजूला ठेवले आणि विचारलं, "तुम्ही रोज जेवता काय?"

मला वाटलं, बोलणं सुरू करायचं म्हणून विचारतायत. मी जरा ताठ बसूनच सांगितलं, "सॅलड. दोन्ही वेळा. पोळी नाही, भात नाही, साखर नाही, दूध-दही नाही." शाबासकी मिळेल अशाच सुरात.

"सॅलडमध्ये काय असतं?"

"कच्चा पालक. बीट. वर मूठभर बदाम."

"पालक किती?"

मी शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, कारण चिरायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी दोन्ही हात फाकवून माप दाखवलं. ते माप परातीचं होतं. कणीक मळायच्या परातीचं.

डॉक्टरांनी बाजूला ठेवलेले रिपोर्ट परत समोर ओढले आणि म्हणाले, "तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आणि मला त्या पालकाचाच संशय आहे."

मी हसले. खरंच हसले, त्या केबिनमध्ये, सुजलेले पाय चपलेत कोंबून. पालकाने कुणाची किडनी जाते का? माझ्या शेजारी हे मात्र हसत नव्हते. त्यांचे हात अजून तसेच हवेत होते, आणि ते खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

आधीच सांगून ठेवते, हे मी रागाने लिहितेय. आजारपणाने मला नवी दृष्टी दिली वगैरे ज्यांना वाचायचं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं. मी लिहितेय ती त्या बाईसाठी, जी आत्ता या क्षणी सिंकमध्ये पालकाच्या दोन जुड्या धुतेय आणि स्वतःवर खूश आहे.

मी डोंबिवलीची. जन्म बँकेच्या काउंटरवर गेला, त्यामुळे जीभ धारदार आहे असं घरचे म्हणतात. रिटायर झाले, बसून बसून वजन वाढलं, शुगर बॉर्डरवर आली. मुलगी केतकी ठाण्याला असते, तिने काळजीपोटी मला एका पेलिओ डाएटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकलं. पेलिओ म्हणजे शेती सुरू व्हायच्या आधी आदिमानव जे खायचा ते खायचं. धान्य, डाळी, दूधदुभतं, साखर, सगळं बंद. पाला, फळं, बदाम, अंडी-मासे चालतात. आम्ही अंडी-मासे खात नाही, म्हणजे आमच्या वाट्याला पालाच आला. आदिमानवाची कुणी साठीशांत केली होती का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

ग्रुप चालवणारी कोच गोड बोलायची. प्रत्येकीला ताई म्हणायची. "ताई, पानांना लिमिट नाही. ताट पुरत नसेल तर परात घ्या." हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. व्हॉइस मेसेज आहे.

आणि घरात परात रिकामीच होती, पोळ्या बंद झाल्यामुळे.

आता ह्यांच्याबद्दल सांगते. या माणसाने आख्ख्या संसारात स्वतःचा चहा स्वतः केला नव्हता. "अगं, साखर कुठेय?" विचारायचे, आणि डबा नाकासमोर असायचा. पण या सॅलडने काय जादू केली कोण जाणे. गॅस नाही, फोडणी नाही, चुकायला काही नाही, म्हणून असेल. रोज सकाळी मानपाडा रोडवर जाऊन कोवळा पालक निवडून आणायचे. मिठाच्या पाण्यात एकेक पान धुवायचे, जुन्या पंच्यावर वाळत घालायचे, बारीक चिरायचे. बिटाच्या चकत्या कडेने गोल लावायचे. मग परात माझ्यासमोर ठेवून उभे राहायचे, मी पहिला घास घेईपर्यंत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हा माणूस मला जेवायला वाढत होता. मी तो पालक आवडीने नाही खाल्ला, त्यांच्या त्या चेहऱ्यासाठी खाल्ला. एक पान उरवलं नाही.

वजन उतरलं. शुगर उतरली. कोचने माझे दोन फोटो शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकले, आधीची मी आणि नंतरची मी. टाळ्यांचा पाऊस पडला. मी आरशात बघून लाजले वगैरे, सगळे चाळे केले.

मग तोंडाची चव गेली. सगळं गंजलेल्या खिळ्यासारखं लागायचं. मळमळ सुरू झाली. अंगाला खाज सुटली, पुरळ काही नाही, नुसती आतून खाज. थकवा असा की बाल्कनीतले कपडे काढताना मध्येच खुर्चीवर बसायला लागायचं. लघवी कमी झाली. मी कोचला विचारलं. ती म्हणाली, "ताई, हे डिटॉक्स आहे. वर्षानुवर्षांची विषं बाहेर पडतायत. घाबरू नका, पालक वाढवा."

मी वाढवला. मला अजूनही या वाक्याशी आलं की हातातली वस्तू आपटावीशी वाटते. विष बाहेर पडत नव्हतं हो, आत साठत होतं. आणि बाहेर टाकणारं यंत्रच मी रोज दोनदा चिरलेल्या पाल्याने बुजवत होते.

फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या. त्यांच्यावर माझा राग थोडा कमी आहे, कारण मी त्यांना जेवणाचं सांगितलंच नव्हतं. पण त्यांनी तरी कुठे विचारलं?

केतकी रविवारी आली तेव्हा तिने माझ्या पावलांवरचे चपलेच्या पट्ट्यांचे खोल वळ बघितले. "आई, हे काय?" म्हणाली आणि मला तशीच लॅबमध्ये घेऊन गेली. संध्याकाळी लॅबवाल्यांचाच फोन आला, रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना भेटा म्हणून. क्रिएटिनिन फार वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या कामातून तयार होणारा कचरा. किडनी तो लघवीतून टाकते. रक्तात तो वाढला म्हणजे किडनीने काम सोडलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या किडनीच्या डॉक्टरांकडे निघालो. शीळफाट्याला गाड्या अडकलेल्या. मी पिशवीत उलट्या करत होते आणि हे एका हाताने पिशवी धरून दुसऱ्या हाताने माझी पाठ चोळत होते. त्याच पिशवीतून ते पालक आणायचे. ते नंतर मला आठवलं.

तर ती केबिन, ते हसणं, आणि लगेच अ‍ॅडमिट. रक्तात पोटॅशियम वाढलं होतं. ते फार वाढलं की हृदय थांबू शकतं, म्हणून थांबायला वेळ नव्हता. मानेच्या शिरेत कॅथेटर घातला, म्हणजे एक जाड नळी, आणि डायलिसिस सुरू केलं. डायलिसिस म्हणजे रक्त बाहेरच्या मशीनमधून गाळून परत अंगात सोडायचं. दुखत नाही फारसं. पण आपलंच लाल रक्त पारदर्शक नळीतून चाललेलं आपण बघत पडतो, आणि खोलीतल्या थंडीने दात वाजतात. माझ्या शेजारच्या खाटेवर शहाडचे एक गृहस्थ होते, कित्येक वर्षं डायलिसिसवर. त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला कशाने?" मी म्हटलं, "पालकाने." ते म्हणाले, "मस्करी करता काय?" आणि कूस वळवून झोपले.

मग बायॉप्सी झाली. पाठीतून सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. त्यात ऑक्झॅलेटचे स्फटिक सापडले, किडनीच्या नळ्यांमध्ये गच्च बसलेले.

डॉक्टर खाटेपाशी खुर्ची ओढून बसले. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून त्यांचंच बोलणं देते.

"अळूची भाजी करता?"

"करते की."

"चिंच का घालता?"

"नाहीतर घसा खाजतो."

"ते खाजवणारं ऑक्झॅलेट. पालकात, बिटात, बदामातही ते भरपूर. अळूतलं घशाला टोचतं म्हणून तुम्ही सावध राहता. पालकातलं काही न टोचता रक्तात जातं. पालक उकळून पाणी टाकलं की बरंच जातं. दही-ताक सोबत असलं की उरलेलं पोटातच बांधलं जातं. तुम्ही पालक कच्चा खाल्लात, बदाम घातलेत आणि दही बंद केलंत. घरी ताकातला पालक करत होता ना? तो वाटीभर खाऊन काही झालं नसतं."

मी छताकडे बघत पडले. मी आयुष्यात एकदाही चिंचेशिवाय अळू शिजवलं नाही. शेजारणीने विसरून केलं तर तिला चारचौघींत बोलले आहे. आमच्याकडे कच्ची पालेभाजी कुणी पोटभर खात नाही. आणि मी ताट उलटं मांडून बसले. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर हे सगळं डाव्या बाजूला, चमचाचमचा. मी ती डावी बाजू उचलली आणि परातभर केली.

लगेच आपले पूर्वज किती थोर वगैरे सुरू करू नका. तेही मेसेज मला आले, त्याच बायकांकडून ज्यांनी माझ्या फोटोखाली टाळ्या वाजवल्या होत्या. भेटायला येणाऱ्यांची तर तऱ्हाच वेगळी. "सॅलडने? काहीतरीच, दुसरं काही असेल." "आधीपासूनच असणार तुम्हाला." एक बाई खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "पण बारीक छान झालात हं." मी नर्सला म्हटलं, भेटायची वेळ संपली असं सांगा यांना. संपली नव्हती.

कोचला मी हॉस्पिटलमधून फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, कुठलीही गोष्ट अति केली की त्रास होणारच ना. तुमचंच काहीतरी चुकलं असणार." मी म्हटलं, परात कुणी सांगितली होती? ती म्हणाली, मी मोटिवेशनसाठी बोलते. मी म्हटलं, निदान माझा फोटो काढा आणि ग्रुपवर सगळ्यांना सांगा. संध्याकाळी बघितलं तर ग्रुपमधून तिने मलाच काढलेलं. फोटो ठाण्यातल्या तिच्या सेंटरच्या जाहिरातीवर तसाच हसत होता.

त्या दिवशी मी केतकीला म्हटलं, "काढ माझा फोटो." नळी मानेत, चेहरा सुजलेला, केसांच्या झिपऱ्या. ती रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नकोस, नीट काढ, नळी दिसली पाहिजे." तो फोटो त्या दोन फोटोंच्या शेजारी लावला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, हा तिसरा, नंतरच्या नंतरचा. कल्याणहून एका अनोळखी बाईचा फोन आला, मलाही चव लागत नाहीये म्हणून. मी तिला म्हटलं, फोन ठेव आणि आधी क्रिएटिनिन करून घे. तिने केलं. थोडंच वाढलेलं निघालं, वेळेत सापडलं. त्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण माझं काय? डॉक्टर म्हणायचे, "किडन्या परत येतील की नाही, आज सांगता येत नाही. काही आठवडे वाट बघू. नाही आल्या तर डायलिसिस कायमचं." रोज लघवी मापाच्या भांड्यात धरायची आणि बघायचं. माझं सगळं आयुष्य त्या भांड्याच्या रेघांवर येऊन बसलं होतं.

आणि हे? हे हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून असायचे. केतकी सांगायची, बाबा घरी स्वयंपाकघरात पायच ठेवत नाहीत, पाणीसुद्धा बाहेरच्या बाटलीतून पितात. परात त्यांनी माळ्यावर टाकली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. मला जगातल्या सगळ्यांचा राग आलेला. कोचचा, ग्रुपचा, त्या बारीक-छान बाईचा, माझा स्वतःचा. फक्त ह्यांचा येत नव्हता, आणि तेवढाच त्यांना हवा होता. एकदा म्हणाले, "अगं, मला एकदा बोल तरी. मी हाताने चिरून दिलंय तुला."

मी म्हटलं, "गप्प बसा. चार लोकांसारखं नुसतं बसून खाल्लं असतंत तर मी कधीच सोडलं असतं ते. तुम्ही वाढत होतात म्हणून खाल्लं." हे बोलून गेल्यावर मला कळलं, की मी त्यांना धीर द्यायला निघाले होते आणि भलतंच बोलून बसले. मी त्यांचा हात ओढून घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

हळूहळू भांड्यातली रेघ वर सरकली. क्रिएटिनिन उतरायला लागलं. एक डायलिसिस पुढे ढकललं, मग पुढचंही, आणि एका सकाळी डॉक्टरांनी मानेतली नळी काढली. "पूर्वीसारख्या होणार नाहीत," ते म्हणाले, "पण मशीनशिवाय चालेल. जपा." त्या डॉक्टरांचे आणि डायलिसिसच्या खोलीत माझ्या अंगावर दुसरं ब्लँकेट टाकणाऱ्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. बाकी कुणाचे आभार मानायचा माझा विचार नाही.

घरी आल्यावर आठवडाभर केतकीने रांधलं. मग ती गेली. सकाळी हे बाहेरच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसलेले. पान उलटत नव्हतं. मी म्हटलं, "अहो, माळ्यावरची परात काढा."

ते दचकले. "कशाला?"

"कणीक मळायला. मला ताकद नाही. मी सांगते, तुम्ही मळा."

त्यांनी मळली. पाणी जास्त झालं, मग पीठ, मग परत पाणी. पोळ्यांचे नकाशे झाले. मी खुर्चीवर बसून यथेच्छ बोलले, आणि ते बोलणं खाताना त्यांचा चेहरा इतक्या दिवसांनी सैल झाला. दुधीची भाजी, थोडा भात. मग त्यांनी काकडी घेतली, डॉक्टरांच्या कागदावर काकडी आहे का हे तीनदा बघितलं, चोचवली आणि दही घालून कालवली. माझ्यासमोर ताट ठेवलं आणि पूर्वीसारखे उभे राहिले. डाव्या बाजूला कोशिंबीर होती, चमचाभर.

मी ती आधी खाल्ली. ते लगबगीने वाटी घेऊन वाकले. "अजून वाढू?"

"नको," मी म्हटलं. "आता तुम्ही बसा माझ्याबरोबर."