पाण्याचं निमित्त

आमच्या अंबिकाने जन्मात एकदा खोटं बोलायचं धाडस केलं आणि त्यापायी अख्ख्या बिल्डिंगचं पाणी गेलं. आठवलं की मला आजही हसू आवरत नाही. पण आधी अंबिका कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही तिला भलतीच बाई समजाल.

लालबागच्या आमच्या जुन्या चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून होती. नवरा दौलत बस डेपोत मेकॅनिक, मुलगी मेघना कॉलेजात आणि सासूबाई मूळच्या देवगडकडच्या. अंबिका स्वतः दादरला एका मॅचिंग सेंटरमध्ये कामाला. साडीला फॉल, ब्लाउजपीस, अस्तर जुळवून द्यायचं. दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं आणि बायकांनी ‘हा नको, जरा डार्क दाखवा’ म्हटलं की परत शिडीवर चढायचं. घरी आली की स्वयंपाक, सासूबाईंच्या गोळ्या, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडणं. या सगळ्यात ती रोज चित्र काढायची म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? पण काढायची. रोज! मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याचं असं की चाळीत पाणी पहाटे यायचं, आणि तेही करंगळीएवढ्या धारेने. घरातल्या कुणाला तरी जागं राहून नळी पिंपातून हंड्यात, हंड्यातून बादलीत फिरवत बसावं लागे. अंबिकाच्या घरात ते काम अंबिकाचं. पिंप भरायला लागणाऱ्या वेळात ती मोरीच्या उंबऱ्याशी पाट मांडून, त्यावर कागद ठेवून रंगवत बसायची. मोरीतलं पाणी, मोरीतच ब्रश धुवायचे, पसारा शून्य. काढायची काय, तर कालचं गिऱ्हाईक. पोपटी साडी पोटाशी धरून नवऱ्यावर डाफरणारी बाई. मुलीच्या साखरपुड्याच्या शालूवर बोटं फिरवत उभी असलेली, घ्यायचं की नाही ते न ठरलेली बाई. एकदा माझंही काढलं होतं, नाक उगाच मोठं केलं होतं. मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

मी तेव्हा माझी नळी धरून दारात उभी असायची आणि तिच्याकडे बघत बसायची. कागदावर ओला रंग पसरायला लागला की ती श्वास रोखायची, आणि मग मीसुद्धा. कितीदा माझी बादली वाहून गेली त्या नादात.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती. ‘पाणी भरतेय’ म्हटलं की चाळीत त्या बाईच्या वाटेला कुणी जात नसे. चहा मागायचा नाही, शर्टाचं बटण लावायला सांगायचं नाही, काही नाही. सासूबाईसुद्धा गप्प पडून राहायच्या. अंबिकाला चित्रासाठी वेळ कुणी दिलेला नव्हता. पाण्याच्या आडोशाने ती तो रोज उचलत होती.

मग चाळ पाडली. काही वर्षं आम्ही कॉटन ग्रीनकडे भाड्याने काढली, तिथेही पाणी पहाटेच, त्यामुळे तिचं बरं चाललं होतं. आणि शेवटी नव्या टॉवरमध्ये राहायला आलो. सतराव्या मजल्यावर पुन्हा शेजारी शेजारी. आणि नळाला चोवीस तास पाणी! तुम्हाला काय सांगू! पहिले आठ दिवस आमच्या बायका उगाचच नळ सोडून बघायच्या. दौलतने पिंप भंगारवाल्याला दिलं आणि येऊन म्हणाला, “सुटलीस गं बाई एकदाची.”

दिवाळी झाली, संक्रांत झाली. एके दिवशी लिफ्टमध्ये मी सहज विचारलं, “नवीन काय काढलंस? दाखव की.”

“कुठे गं. वेळच मिळत नाही.”

माझं डोकंच फिरलं. पाण्याने सगळ्यांचा वेळ वाचला आणि हिचाच तेवढा गेला? संध्याकाळी तिला गॅलरीत गाठलं आणि सगळं वदवून घेतलं.

“अगं, मी उठते तशीच. लाइट लावला की आई म्हणतात, ‘अगो बाय, निजान रव. आता खंयचा पाणी भरूचा आसा?’ हे म्हणतात, इतकी वर्षं उठलीस, आता तरी झोप. आणि नाहीच झोपले, तर ‘उठलीच आहेस तर चहा टाक.’ चहा टाकला की डबा. मेघनाला लवकर जायचं असतं, तिची इस्त्री. सगळे प्रेमानेच बोलतात गं, भांडू कुणाशी?”

“मग सांग ना सरळ, चित्र काढायचंय म्हणून!”

“असं कसं सांगणार? नुसतं चित्र काढायला उठते म्हणून?” तिने असं विचारलं की जणू मी तिला चोरी करायला सांगत होते. मग हळूच म्हणाली, “काल गिऱ्हाइकाला मोरपंखी दाखवला आणि हातात काहीच आलं नाही. आधी हात शिवशिवायचा, घरी जाऊन कधी लावते असं व्हायचं. तेच बंद झालंय. परत नाही आलं तर?”

हे ऐकून मला रडूच आलं. मी अशी पटकन रडते, पटकन चिडते. सांग, सांग, सांग, म्हणून मी तिच्या मागेच लागले. पण ऐकेल ती अंबिका कसली!

आणि पुढच्याच बुधवारी रात्री जेवणं होतायत तोवर सासूबाई माझ्या दारात. “नलू, आयकलंस? टाकयेचा काम काढलेला हा. उद्यापासून पाणी फक्त पहाटे येतला. भरून ठेव गो!”

मी काही चौकशी केली असेल तर शपथ. पाणी म्हटलं की आमचं डोकं चालत नाही, हातच चालतात. मी फोन उचलला आणि खालच्या मजल्यावर सांगितलं. त्यांनी आणखी खाली. सगळी जुन्या चाळीतलीच माणसं, झोपेतून उठवून विचारलं तरी कळशी आधी शोधतील. अर्ध्या तासात तळमजल्यापर्यंत बातमी!

पहाटे मी उठून बघते तर काय, समोरच्या विंगमध्येही प्रत्येक खिडकीत दिवा. सगळा टॉवर जागा! पिंपं सगळ्यांनी विकलेली, त्यामुळे मिळेल ते भांडं. बादल्या, कुकर, मोदकपात्र, बाळाचा टब. एकाने वॉशिंग मशीन भरलं. मी फुलदाणीसुद्धा सोडली नाही. काय तो उत्साह! बायका लॉबीत एकमेकींना हाका मारत होत्या, कितीतरी महिन्यांनी सगळ्यांची तोंडं दिसली होती. आणि ऐन आंघोळीच्या वेळी वरची टाकी कोरडी ठणठणीत पडली. इतक्या घरांनी एकदम नळ सोडल्यावर दुसरं काय होणार? तोंडाला साबण लावलेली माणसं जिन्यात आली. वॉचमन पंप चालू करायला धावला, तर खालच्या टाकीतही तळाला गाळ.

संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी हितेंद्र याने लॉबीत सगळ्यांना गोळा केलं. चेहरा लालबुंद. “टाकीचं काम कुणी सांगितलं? सोसायटीने नोटीस काढली नाही, मला पत्ता नाही. ही अफवा आली कुठून?”

बोटं वर वर चढत आली. पाचव्या मजल्याने नवव्याकडे दाखवलं, नवव्याने पंधराव्याकडे, तिथून माझ्याकडे. मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी सुनेकडे. अंबिका कामावरून थेट आली होती, पर्स अजून खांद्याला. तिचे कान लाल झाले होते आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तिच्यासाठी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती उभी राहिली.

“मी सांगितलं, हितेंद्रभाऊ. फक्त आमच्या घरात सांगितलं होतं. एवढं पसरेल असं वाटलं नव्हतं.”

“पण कशासाठी?”

माझा हात मी स्वतःच घट्ट धरून ठेवला होता. आता पुन्हा काहीतरी निमित्त काढते की काय! काढायला सोपं होतं. चुकून ऐकलं, कुणीतरी म्हणालं, काहीही चाललं असतं.

“मला चित्र काढायला वेळ हवा होता,” अंबिका म्हणाली. “चाळीत पाणी भरताना मिळायचा. इथे मिळत नाही. पाण्याचा त्रास झाला त्याबद्दल सगळ्यांची माफी मागते. चित्राबद्दल नाही मागणार.”

लॉबीत कुणी हसलं नाही. सासूबाईच बोलल्या, आवाज जरा दुखावलेला. “माका सांगूचा नाय? मी काय नको म्हणतलंय?”

“नको म्हणाला नसतात, आई. नीज म्हणाला असतात.”

दौलत भिंतीशी उभा होता. त्याने बायकोकडे असं बघितलं की जणू इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच नीट दिसली. मग तिच्या खांद्यावरची पर्स त्याने काढून स्वतःकडे घेतली. हितेंद्रने टँकर मागवल्याचं सांगितलं आणि मीटिंग उठली.

त्या रात्री मला कसली झोप! आता ही चित्र काढणार की पुन्हा सगळे मिळून तिला झोपवणार? पहाटे राहवेना, गाऊनवर शाल ओढली आणि तिच्या दारावर टकटक केली. दौलतने दार उघडलं, जेमतेम वीतभर. आतून आल्याचा वास येत होता, त्याच्या हातात चहाची गाळणी होती. मागे स्वयंपाकघरात सासूबाई कपात साखर घालत होत्या, कसलाही आवाज न करता.

“अंबिका उठलीय का?” मी विचारलं आणि पाऊल पुढे टाकलं.

तो दारातून हलला नाही.

“नंतर या, नलूताई,” तो कुजबुजला. “ती कामात आहे.”

आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. एरवी कुणी असं केलं असतं तर मी सतरावा मजला डोक्यावर घेतला असता. पण त्या पहाटे मी लॉबीत एकटीच टाळ्या वाजवत घरी गेले.