पाय काढला की थांबणारा आवाज

आमच्या ह्यांना गाडी चालवता येते, ऐकता येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आले आहे आणि आताही सांगते. त्यांनी हौसेनं जुनी अँबॅसिडर घेतली, परभणीच्या आमच्या गल्लीत आणून उभी केली, आणि तेव्हापासून तिचं दुखणंखुपणं ओळखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेत शिकवायची. फळ्याकडं तोंड करून उभी असले तरी मागं कोण कुजबुजलं ते मला बरोबर कळायचं. मग गाडी काय चीज आहे!

पण त्या दिवशी गंमत नव्हती. माझी धाकटी बहीण सोनपेठला दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मूल आडवं आहे, इथं थांबू नका, परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा सगळीकडं वातावरण तापलेलं, एसटी बंद. आमच्यासारख्या बौद्ध घरांतली माणसं तर लांबच्या वाटेला लागायचंच टाळत होती. म्हणजे उरली आमची अँबॅसिडर. रस्त्यात एखाद्या अनोळखी गावापाशी ती बंद पडली, तर अडलेल्या बाईला घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आदल्या दिवशी निघालो, पण अंधारात पुढं जायची हिंमत नव्हती, म्हणून आम्ही माझ्या माहेरच्या गावी मुक्काम केला. तिथं माझे चुलते. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. सारा जन्म बैलगाडीवर गेलेला माणूस. आमच्या घरात एक रीत होती. लेकीला बाळंतपणाला आणायला निघालेली बैलगाडी वाटेत वाजता कामा नये. कुरकुरत गेली तर लेकीच्या जिवाला घोर, असं म्हणायचे. म्हणून निघायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यानं आपल्या हातानं आसाला एरंडेल घालायचं. सकाळी आम्ही निघालो तेव्हा तात्या राखेनं हात घासत बसले होते.

"जावा आता बिनघोर," ते म्हणाले. "गाडी लोण्यावानी चालंल."

"तुमच्या तोंडात साखर पडो, तात्या," मी म्हटलं.

डांबरीला लागलो, गाडीनं जरा वेग घेतला, आणि मागून आवाज सुरू झाला. बारीक, लांबलचक, कण्हल्यासारखा. वेग वाढला की तोही चढायचा.

"अहो, मागून कायतरी वाजायलंय."

"टायर हायेत. रिमोल्ड केलेले टायर असेच वाजतेत."

"आन् कालपर्यंत काय मुके होते का?"

"तू जरा गप बसतीस का?"

मी गप बसणारी असते तर यांचा संसार कधीच खड्ड्यात गेला असता. पुढं रस्त्याचं काम निघालं होतं, डांबर संपून मुरूम लागला. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. हा तसूभर बदलला नाही. मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाले, चाकाचं बेअरिंग असेल. लिंबाखाली गाडी थांबवली, मागचं एकेक चाक जॅकवर उचललं, हातानं फिरवून बघितलं. घरघर नाही, खडखड नाही, चाक आपलं निवांत फिरतंय. तेवढ्यात लांबून माणसांनी भरलेला एक ट्रॅक्टर येताना दिसला आणि माझ्या काळजात धस्स झालं. ट्रॅक्टर जवळ आला, पुढं निघून गेला. आमच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. 

मग मी पुढची जागा सोडली आणि मागच्या सीटवर जाऊन आडवी झाले. सीटला कान लावला.

"चालवा. आता ॲक्सिलेटरवरचा पाय काढा."

आवाज थांबला.

"द्या पाय."

आला.

"काढा."

थांबला.

"टायरला काय ठावं, तुमचा पाय कुठं हाय ते?" मी म्हटलं. "हे दुखणं पोटातलं हाय."

आता त्यांनाही पटलं. मागच्या आसाच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, त्याच्या आतली दातेरी चाकं इंजिनचा जोर चाकांना देतात. जोर पडला की ती कण्हत होती. ते दात गेले तर गाडी जागची हलणार नाही, हे मला न सांगताही कळत होतं.

बैलाच्या चालीनं सोनपेठ गाठलं. बहीण दारातच बसली होती, शेजारी गाठोडं, पाय सुजलेले. "आक्का, आलीस गं बाई!" म्हणाली आणि हसली. तिला काय सांगू? म्हटलं, गाडीला जरा पाणी पाजतो, मग निघू. तिच्या सासूकडून एक परात मागून घेतली. हे गाडीखाली शिरले, गोळ्याचा खालचा बोल्ट सोडला, आणि परातीत पिवळसर धार पडली. धार कसली, नुसती करंगळीएवढी. वास आला आणि मी ताडकन उभी राहिले.

"अहो, हे ऑइल न्हाई! हे एरंडेल हाय!"

लहानपणी नाक दाबून पाजलेलं एरंडेल मी मेले तरी विसरायची नाही. सकाळचे ते राखेनं घासलेले हात डोळ्यांपुढं आले. आस तो आस, मग तो बैलगाडीचा असो की मोटारीचा! तात्यांनी आमच्या आधी उठून, आमच्याच डिकीतला पाना घेऊन खालचा बोल्ट उघडला होता. चांगलं ऑइल खराब वंगण समजून सांडून दिलं, बोल्ट लावला आणि वरच्या भोकातून बैलगाडीला पुरेल एवढं एरंडेल ओतलं. "तात्या, तुमचं चांगभलं होवो, काय करून ठेवलंत हे!" मी अंगणात उभी राहून ओरडले. राग तर असा आला होता की तसंच माघारी जाऊन त्यांना उरलेली बाटली पाजावी.

पण खरा प्रश्न पुढं होता. दात शाबूत आहेत का? ह्यांनी परातीतलं तेल पांढऱ्या फडक्यावर पसरलं आणि उन्हात धरलं. दात झिजले असतील तर लोखंडाचा चुरा चमकतो. आम्ही दोघं त्या फडक्यावर वाकलो. त्यांनी बोटानं तेल चोळून बघितलं, पुन्हा चोळलं.

"कणभर चमक न्हाई," ते म्हणाले. "वाचलो."

मी तिथंच रडायला लागले. बहिणीच्या सासूला वाटलं, गाडी गेली म्हणून रडतेय. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "न्हाई हो आत्या, गाडी राहिली."

ट्रॅक्टरचं सामान विकणाऱ्याचं दुकान बंद होतं. ह्यांनी मागच्या दारी जाऊन कडी वाजवली. त्या माणसानं आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. काम सांगितल्यावर म्हणाला, "लेकीबाळीचं काम हाय, आधी न्या." आणि गोळ्यात घालायच्या नव्वद नंबरच्या ऑइलचा डबा काढून दिला. गोळा भरला, गावाबाहेर एक चक्कर मारून आलो. पाय दिला, काढला, दिला. आवाज नाही. आयुष्यात इतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

पुढं कधीतरी मी तात्यांना फैलावर घेतलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "लेक सुखरूप पोचली न्हवं? मंग माझं एरंडेल वाया कसं गेलं?" कप्पाळ माझं!

सोनपेठ ते परभणी बहिणीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गंगाखेडच्या अलीकडं ती झोपली. गाडी मुकी होती, रस्ता मुका होता, मी एकदाही यांना टोकलं नाही.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं, दार लागलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं. दिवसभर आवाज येऊ नये म्हणून जीव टांगणीला लागला होता, आता तो यावा म्हणून लागला. आतून काहीच ऐकू येईना. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आणि मग आला. बारीक, लांबलचक, चढत जाणारा.

"यायलाय!" हे उभे राहिले. "अगं, आवाज यायलाय!"

मला हसू आवरेना आणि रडूही. "ऐका नीट," मी म्हटलं, "ह्यो पाय काढल्यावर थांबायचा न्हाई."