आधी पाय दाखवा

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत बारसं असलं की परबबाई बोलावण्याची वाट बघत नसत. त्या जवळच्या आरोग्य केंद्रातल्या परिचारिका. पाळण्याभोवती बायका बाळाचं नाक आईचं की आत्याचं यावर वाद घालत बसायच्या, तेवढ्यात बाई दुपटं सोडून तळपाय, टाळू, पाठीचा कणा तपासून मोकळ्या. "तोंड सगळेच बघतत," त्या म्हणत, "माका आधी पाय दाखवा."

माझ्या सईच्या बारशाला सासूबाईंनी दुपटं कमरेखाली घट्ट आवळून ठेवलं होतं. सईचा उजवा पाय जन्मतःच आत वळलेला. मी ग्रहणात भोपळा चिरला म्हणून असं झालं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. बाईंनी दुपटं सोडलं, ग्रहणाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी ग्रहणात मासे चिरलंय. तीनय पोरांचे पाय सरळ. डोकी तेवढी वाकडी, ती बापाशीवर गेली." बारा दिवसांत सासूबाई पहिल्यांदा हसल्या. मी मात्र रडले.

मग बाईंनी सांगितलेल्या इस्पितळात दर शनिवारी प्लास्टर. सहा-सात प्लास्टरांत पाय सरळ झाला आणि पट्टीने जोडलेले बूट आले. ते चार वर्षं झोपताना घालायचे होते. येणारा-जाणारा विचारायचा, हे बूट कशाला? पाय तर चांगला दिसत होता. मी बूट माळ्यावर टाकले. दोन महिन्यांनी शेजारच्या बारशाला आलेल्या बाईंनी सईची टाच हातात घेतली. पाय पुन्हा आत वळू लागला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या नाहीत. "पाय सरळ झालो, पण पायाक अजून ता ठावक नाय," एवढंच म्हणाल्या.

प्लास्टर पहिल्यापासून सुरू झालं. या खेपेला बूट सासूबाईंनी स्वतःच्या ताब्यात घेतले आणि चार वर्षं एक दिवस चुकवला नाही. ग्रहण पाळायचं त्यांनी सोडलं नाही. फक्त त्यातून पाय वगळले.

गेल्या महिन्यात बाई निवृत्त होऊन गावी निघाल्या, तेव्हा आमच्या घरी निरोप घ्यायला आल्या. त्यांची पिशवी घेऊन मी खाली उतरले, पण नारळाच्या वड्यांचा डबा वरच राहिला. सात वर्षांची सई तो घेऊन तीन जिने धावत आली. बाईंनी डबा घेतला आणि तिला म्हणाल्या, परत वर जा आणि परत ये. सईला तो खेळच वाटला. ती दोनदा गेली, दोनदा आली. बाईंची नजर तिच्या पावलांवरून हलली नाही.

मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि सईची हनुवटी वर उचलली.

"आता तोंड दाखय गो, बाय."