गव्हातली रेघ

आमचे सर मारायचे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला उभं राहिलं की लोक नेमकं हेच गाळतात. 'कडक होते', 'शिस्तीचे होते' असलं गुळमुळीत बोलण्यात काही अर्थ नाही. सर्वेक्षणाची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी सदैव त्यांच्या हातात असायची आणि ती जमिनीत रोवली जायची त्यापेक्षा आमच्या पोटऱ्यांवर जास्त पडायची. पुरातत्त्वाच्या एम.ए.ला शिकणारी, लग्नाला आलेली पोरं आम्ही, तो मार खायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांच्याच जीपमध्ये जाऊन बसायचो. दौलताबादच्या किल्ल्यावरच्या तोफेवरून आम्ही त्यांचं नाव 'मेंढा तोफ' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आता आपली धडगत नाही असं वाटलं, पण सर खूश झाले. म्हणाले, "ती तोफ कधीच थंडावली रे. मी अजून रोज उडतो."

त्यांचा ध्यास एकच, जुनी शेतं शोधायची. आमच्या भागात लेण्यांवर बोलणारे पुष्कळ, नाण्यांवर लिहिणारेही पुष्कळ. सर त्या सगळ्यांवर चिडलेले असायचे. "लेणी खोदणारे काय वारा खाऊन जगत होते? त्यांना जेवायला घालणाऱ्याचं शेत कुठं होतं ते सांगा की!" असं म्हणून एका परिषदेत त्यांनी हातातला चहाचा कप व्यासपीठाच्या दिशेनं भिरकावला होता. त्या दिवशी आमचा जीपचालक हमीदभाई मला दारातच अडवून म्हणाला, "अंदर नक्को जाओ. सर का दिमाग आज भोत गरम है."

शेतं शोधायची त्यांची रीत मात्र अगदी शांत माणसाची होती. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी आपल्या शेताच्या कडेनं चर खणला. तो कधीतरी बुजला, वरून शेकडो नांगर फिरले. तरी त्या जागेवरची माती खोल आणि ओल धरून राहते. पिकाला पाण्याचा ताण बसला की आजूबाजूचा गहू पिवळा पडतो आणि तेवढी रेघ हिरवीगार राहते. खाली दगडी बांध गाडला गेला असेल तर उलट, तिथला गहू सगळ्यांच्या आधी वाळतो. शेतात उभं राहून यातलं काही दिसत नाही. टेकडीवरून पाहिलं, किंवा आता ड्रोन वर पाठवला, की अख्ख्या शिवारात मेलेल्या लोकांची शेतं उमटतात. मग त्या रेघांवरून आम्ही ओळीनं चालायचं, खापराचे तुकडे वेचायचे. कुणी ओळ सोडली की काठी आलीच. "माणूस खोटं बोलतो, गहू बोलत नाही," हे सरांचं वाक्य आम्ही झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

हा डोळा त्यांना पुस्तकांनी दिला नव्हता. सर फर्दापूरकडच्या मेंढपाळ घरातले. लहानपणी डोंगरावर मेंढ्या घेऊन बसले की खालच्या पिकात हिरव्या-पिवळ्या रेघा दिसायच्या आणि त्या कुणी काढल्या हे कळायचं नाही. एकदा कळप कुणाच्या तरी ज्वारीत शिरला. बांधावर चौघांनी मिळून त्यांच्या वडिलांना पोराच्या डोळ्यांदेखत इतकं बडवलं, की ते पुढं जन्मभर एक पाय ओढत चालले. सरांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही जेवता जेवता, आणि भाकरी तशीच ठेवून उठून गेले. त्यांच्या हाताला लागलेली मारायची खोड त्या बांधावरूनच आली असावी असं मला वाटतं. कुणाला ते पटणार नाही, न पटो.

एकाच माणसापुढं त्यांचे हात जोडलेले असायचे, तो म्हणजे गहू पेरणारा शेतकरी. कारण रेघ दिसायची तर गव्हाचं शेवटचं पाणी तोडावं लागतं. विहिरीत पाणी असताना ते पिकाला द्यायचं नाही हे सांगायला तोंड कुठलं आणायचं? "दाणा बारीक पडंल ना सर," असं कुणी म्हटलं की हा तोफखाना अगदी लहान आवाजात म्हणायचा, "एवढी एक पाळी सोडा मालक. एका तुकड्यापुरती." पुष्कळ जण हाकलून द्यायचे. पैठणच्या अलीकडच्या एका गावात अंबादास आणि रावसाहेब हे चुलतभाऊ मात्र तयार झाले. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही.

दोघांच्या शेतांमध्ये एकच बांध आणि दोघांत कित्येक वर्षं बोलणं नाही. रावसाहेबच्या बापानं दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरून आपलं शेत वाढवलं, असं अंबादासचं म्हणणं. सरांना हे ठाऊक होतं, पण त्यांचं लक्ष गव्हाकडे. ड्रोन वर गेला आणि रावसाहेबच्या शेतात, बांधापासून चार पावलं आत, बांधाला समांतर अशी लांबच लांब हिरवी रेघ पडद्यावर आली. सरांनी आनंदानं माझ्या पाठीत जो गुद्दा घातला तो मला अजून आठवतो. नेमका तेव्हा अंबादास आमच्या खांद्यावरून पाहत होता.

"ह्योच!" तो ओरडला. "ह्योच आमच्या आज्याचा बांध! बघा, किती खाल्लाय त्यानं!"

"अरे, हा बांध नाही, चर आहे," सर म्हणाले. "तुझ्या आज्याच्या आज्याच्याही फार आधीचा."

"तुमीच म्हणता ना सर, गहू खोटं बोलत नाय? मग आता कामून फिरवता?"

सरांचंच वाक्य सरांवर उलटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सरकारी माणसांनी विमानातून आज्याचा बांध काढून दाखवला. रावसाहेब आला तो थेट सरांच्या अंगावर. "ह्यो फोटू पुसा. नायतर रक्त सांडंल इथं, सांगून ठिवतो." ही धमकी पोकळ नाही हे आम्हाला सगळ्यांना कळलं. आता सरांपुढं एकच प्रश्न होता. आपल्या फोटोपायी या दोघांतला एक जण मरायला नको.

त्यांनी ठरवलं, रेघ आडवी कापून दाखवायची. रावसाहेबनं खणायला होकार दिला, कारण त्यात त्याचीच सुटका होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या रेघेवर कंबरेइतका खोल चौकोनी खड्डा घेतला. काळ्या मातीखाली राखाडी, भुसभुशीत भरणीचा चर स्वच्छ दिसला आणि तळाशी दोन हजार वर्षांपूर्वीची काळी-तांबडी खापरं लागली. सरांनी एक तुकडा अंबादासच्या हातावर ठेवला. "बघ. तुझ्या आज्याच्या ताटातलं आहे का हे?"

अंबादास खड्ड्यात उतरला, खापर उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "असली खापरं आमच्या घरामागं बी निघत्यात." मग वर पाहून त्यानं रावसाहेबला बापावरून शिवी दिली.

रावसाहेब उसातून आला होता, कोयता हातातच होता. खड्ड्यातल्या माणसाला पळायला जागा नसते. कोयता वर गेला तसे सर धावले आणि त्यांनी काठी रावसाहेबच्या मानेवर घातली. आमच्या पोटऱ्यांवर पडायची तशी नव्हे, माणूस आडवा करायला घालतात तशी. तो कोलमडला, पण पडला नाही. दुसऱ्यांदा कोयता आला तेव्हा काठी फिरवायला वेळ नव्हता. सरांनी उजवा हात मध्ये घातला. मनगट अर्धं कापलं गेलं. रक्त अंबादासच्या टाळूवर, खांद्यावर, खापरांवर पडत होतं आणि तो खालून गुरासारखा हंबरत होता. रावसाहेबनं कोयता टाकला आणि तिथंच मटकन बसला. हमीदभाईनं आपल्या गळ्यातला रुमाल सरांच्या दंडाला आवळला. शहरापर्यंत जीपमध्ये सर शुद्धीवर होते आणि मला शिव्या देत होते, खड्ड्याचा फोटो घेतला नाही म्हणून.

पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा सर म्हणाले, "लिहा, पहिला मी मारला. काठी माझी. कोयता नंतर." मी ओरडलोच. म्हटलं, तुम्ही एका माणसाचा जीव वाचवलात, आणि हे काय लिहून देताय? त्यांनी पट्ट्या गुंडाळलेला हात कसाबसा उचलला. "खालचा थर आधी, वरचा नंतर. क्रम चुकवायचा नाही. एवढं पण शिकवलं नाही का तुला?" त्या जबाबामुळे रावसाहेब हर्सूलच्या तुरुंगातून लवकर बाहेर आला आणि सरांवर मात्र चौकशी बसली. पुढं सरकारी मोजणी झाली. बांध खरंच थोडा कोरलेला निघाला, पण हिरव्या रेघेशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या राखाडी मातीनं आम्ही खड्डा बुजवून टाकला.

सरांच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत. ते डाव्या हातानं मारायला शिकले, पण नेम चुकायचा. आम्ही मुद्दाम जवळ उभे राहायचो. ही काठी आता तू सांभाळ, असं एक दिवस त्यांनी मला तुटकपणे सांगितलं आणि त्यानंतर ते सर्वेक्षणाला आले नाहीत. पुढच्याच उन्हाळ्यात झोपेत गेले. इतका हाणामारीचा माणूस असा गुपचूप गेला याचा मला आजही राग येतो.

ते गेल्यावर आलेल्या हंगामात विहिरी आटल्या, गव्हाचं शेवटचं पाणी आपोआपच तुटलं आणि मी काठी घेऊन त्या शेतावर ड्रोन उडवला. जुनी रेघ होतीच, पण तिच्यावर आडवा एक लहानसा, गडद हिरवा चौकोन उमटला होता. आमचा खड्डा. खणून भरलेल्या मऊ मातीत गहू सगळ्यांत जोमानं आला होता. रावसाहेब पाहायला आला. त्या मनगटावर कोयता घालणारा हात माझ्या हाताशेजारी होता आणि काठी माझ्याकडे होती. ती उचलावी आणि घालावी असं मला मनापासून वाटलं.

"हे चौकोनी काय?" त्यानं विचारलं.

"तुला माहीत आहे काय ते."

त्यानं पडद्यावरच्या चौकोनावर बोट ठेवलं. "बुजवलं तरी दिसतंय?"

"गहू पेरशील त्या प्रत्येक वर्षी दिसेल. तू गेलास तरी दिसेल."

"मग गहूच नाय पेरायचा," तो म्हणाला आणि पाठ फिरवून निघून गेला. पुढं त्यानं तिथं हरभरा केला, मग कपाशी. त्या शिवाराचं नाव मी सर्वेक्षणाच्या यादीतून काढून टाकलं होतं.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. मी नाव ऐकून फोन ठेवूनच देणार होतो.

"मास्तर, यंदा गहू केलाय," तो म्हणाला. "शेवटचं पाणी दिलं नाय. अंबादासनं बी तोडलंय त्याच्या बाजूचं. चौकोन दिसाया लागला आसंल आता. या तुमी."

मी फोन ठेवला नाही. पलीकडून तो म्हणाला, "अन् सरांची काठी बी घिऊन या."